महायुद्धानंतरची अमेरिका: उपनगरं, समृद्धी आणि संसार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९४५ ते १९६५ या वीस वर्षांतल्या अमेरिकेचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र उभं राहतं: नीट कापलेलं गवत, पांढरं बैठं घर, दारात लांबलचक मोटार, तीन-चार मुलं आणि एप्रन बांधलेली आई. तसे संसार लाखोंनी होते. पण ते घर कुणाच्या हमीवर उभं राहिलं आणि कुणाला त्याच्या उंबऱ्यापर्यंतही येऊ दिलं गेलं नाही, हे त्या चित्रात दिसत नाही. मला वाचकांकडून येणारे बरेचसे प्रश्न फिरून फिरून त्या घराच्या कर्जापाशी येतात. म्हणून खालची उत्तरंही तिथे जास्त रेंगाळली आहेत.

अमेरिकेतलं ‘सबर्ब’ म्हणजे आपल्याकडचं उपनगरच ना?

नाही, आणि पहिली गल्लत इथेच होते. पार्ले, मुलुंड, बोरिवली म्हटलं की स्टेशन आलं, स्टेशनबाहेर भाजीबाजार आला, एकमेकींना खेटून इमारती आल्या, कोपऱ्यावर वाणी आला. युद्धानंतरच्या अमेरिकन उपनगरात यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. एका कुटुंबाला एक भूखंड, त्याच्या मधोमध एक घर, भोवती गवत, आणि अशी घरामागून घरं मैलभर. घरांच्या भागात दुकान काढायला नियमानेच मनाई असे. घरातला पाव संपला तर मोटार काढायची.

दुसरा फरक कमी दिसतो, पण जास्त महत्त्वाचा आहे. ही उपनगरं बहुधा मूळ शहराच्या महापालिकेत मोडत नसत. त्यांचा कारभार वेगळा, शाळा मंडळ वेगळं, आणि शाळांचा मोठा खर्च त्याच भागातल्या घरपट्टीतून भागायचा. म्हणजे तुमचं घर कुठे आहे, यावर तुमचं मूल कसल्या शाळेत शिकणार हे ठरत होतं.

युद्ध संपल्याबरोबर एवढी समृद्धी आली कुठून?

१९४५ साली खुद्द अमेरिकनांनाही ती येईल याची खात्री नव्हती. १९३३ मध्ये दर चार कामगारांमागे जवळपास एक बेकार होता. ती मंदी लोक विसरले नव्हते, आणि युद्धाची मागणी थांबली की पुन्हा तेच दिवस येतील अशी धास्ती होती.

तसं झालं नाही, कारण युद्धकाळात लोकांच्या हातात पगार होता पण बाजारात वस्तू नव्हत्या. फेब्रुवारी १९४२ नंतर सर्वसामान्यांसाठी मोटारी बनवणं बंद झालं होतं. साखर, पेट्रोल, टायर रेशनवर होते. न खर्चलेला पैसा बँकेत आणि सरकारी युद्धरोख्यांत साठत गेला. युरोप आणि जपानमधले कारखाने बेचिराख झाले होते, तर अमेरिकेचे धडधाकट उभे होते. शांतता आल्यावर हा साठलेला पैसा त्या कारखान्यांच्या दारात आला.

त्यात कामगार संघटनांचा वाटा मोठा होता, आणि तो सहसा सांगितला जात नाही. १९५०च्या दशकाच्या मध्यावर साधारण एक तृतीयांश कामगार संघटनांचे सभासद होते. १९५० साली वॉल्टर रूथर यांच्या मोटार कामगार संघटनेने जनरल मोटर्सशी पाच वर्षांचा करार केला. त्यात महागाईनुसार वाढणारा पगार, निवृत्तिवेतन आणि आरोग्यविमा होता. पाच वर्षांनी १९५५ मध्ये त्याच कंपनीने वर्षाला एक अब्ज डॉलरहून अधिक नफा कमावला. मजुराला पुढच्या पाच वर्षांच्या पगाराचा भरवसा होता, म्हणून तीस वर्षांच्या कर्जावर सही करायची हिंमत त्याला झाली.

मग घरांची टंचाई कशी काय?

मंदीत बांधकाम जवळपास थांबलं. १९२५ मध्ये नऊ लाखांहून अधिक नवी घरं बांधायला घेतली गेली होती, १९३३ मध्ये हा आकडा लाखाच्याही खाली आला. युद्धात लाकूड, लोखंड, सुतार, गवंडी सगळेच रणकामाला लागले. सुमारे १ कोटी ६० लाख अमेरिकनांनी युद्धात गणवेश चढवला होता. ते परत आले, त्यांची लग्नं झाली, मुलं झाली, पण राहायला जागा नव्हती. लाखो जोडपी आईवडिलांच्या किंवा सासऱ्यांच्या घरात एका खोलीत संसार करत होती. लष्कराच्या अर्धगोल पत्र्याच्या बराकींत बिऱ्हाडं होती. शिकागोत तर जुन्या ट्रामचे डबे राहण्यासाठी विकले गेले.

‘जीआय बिल’ म्हणजे नेमकं काय?

युद्धातून परतलेल्या सैनिकांसाठीचा कायदा. २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. नोकरी मिळेपर्यंत आठवड्याला २० डॉलर, जास्तीत जास्त ५२ आठवडे. शिक्षणाची वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि वर राहण्याखाण्याचा भत्ता. त्या काळी ५०० डॉलरमध्ये नामवंत विद्यापीठांचीही फी भागायची. साधारण ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण किंवा प्रशिक्षण घेतलं, त्यातले सुमारे २२ लाख कॉलेजात गेले. घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, अशी ही मुलं इंजिनिअर, शिक्षक, डॉक्टर झाली.

तिसरी सवलत घराच्या कर्जाला सरकारची हमी. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

घराचं कर्ज आधी मिळत नव्हतं का? त्यात नवं काय होतं?

मिळत होतं, पण आज आपण ज्याला गृहकर्ज म्हणतो तसं नव्हतं. १९३०च्या आधी बँक घराच्या किमतीच्या साधारण निम्मंच कर्ज द्यायची, आणि तेही तीन ते पाच वर्षांसाठी. मुदतभर मुख्यतः व्याज भरायचं आणि शेवटी मुद्दल एकरकमी द्यायचं. एवढे पैसे कुणाकडे नसत, म्हणून लोक दर वेळी कर्ज नव्याने करून घेत. मंदी आली, बँकांनी नवं कर्ज द्यायचं थांबवलं आणि लोक रस्त्यावर आले. १९३३ मध्ये दिवसाला हजारेक घरांवर जप्ती येत होती.

त्यातून दोन गोष्टी झाल्या. १९३३ मध्ये सरकारने एक महामंडळ काढून बुडत्या घरमालकांची कर्जं स्वतःकडे घेतली. १९३४ मध्ये संघराज्य गृहनिर्माण प्रशासन स्थापन झालं. हे प्रशासन स्वतः कर्ज देत नव्हतं, ते कर्जाचा विमा उतरवायचं. कर्जदाराने हप्ते थकवले तर बँकेचं नुकसान भरून मिळणार. बँकेची भीती गेली, तशी मुदत वीस वर्षांवर, मग पंचवीस आणि तीस वर्षांवर गेली. हातातून घालायची रक्कम निम्म्यावरून दहा-वीस टक्क्यांवर आली. दरमहा एकच ठरावीक हप्ता, त्यात व्याजही आणि मुद्दलही. माजी सैनिकाला तर पदरचं काहीही न घालता घर घेता येत होतं, आणि व्याजाला सुरुवातीला चार टक्क्यांची मर्यादा होती.

१९५० साली मधल्या कुटुंबाचं (म्हणजे निम्मी कुटुंबं ज्याच्या वर आणि निम्मी खाली, अशा कुटुंबाचं) वर्षाचं उत्पन्न सुमारे ३,३०० डॉलर होतं, म्हणजे महिन्याला २७५. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर लेविट या बांधकाम व्यावसायिकांच्या घराची किंमत ७,९९० डॉलर, माजी सैनिकाला महिन्याचा भरणा ५८ डॉलर. पगाराच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास. शहरातल्या कोंदट खोलीचं भाडंही कित्येकदा याहून जास्त पडायचं. आज पुण्यात किंवा ठाण्यात पहिलं घर शोधणाऱ्या जोडप्याने हा हिशेब स्वतःच्या पगाराशी ताडून पाहावा, म्हणजे १९४९ साली लोक विक्री कार्यालयाबाहेर रात्र-रात्र रांगा का लावत होते ते कळेल.

१९४० मध्ये ४४ टक्के अमेरिकन कुटुंबं स्वतःच्या घरात राहत होती. १९६० मध्ये हे प्रमाण ६२ टक्के झालं. माझ्या मते त्या काळातला हा सर्वांत बोलका आकडा आहे, आणि तो खासगी कष्टांइतकाच सरकारी हमीचाही आहे.

लेविटाउन कुठे आहे आणि त्याचं एवढं नाव का?

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंडवर, नासाऊ काउंटीत. तिथे बटाट्याची शेतं होती. एब्राहम लेविट आणि त्यांचे मुलगे विल्यम आणि आल्फ्रेड या बांधकाम व्यावसायिकांनी ती जमीन घेतली आणि १९४७ मध्ये दोन हजार भाड्याची घरं जाहीर केली. १ ऑक्टोबर १९४७ ला पहिली कुटुंबं राहायला आली. १९५१ पर्यंत तिथे १७,४४७ घरं झाली.

नाव झालं ते बांधायच्या पद्धतीमुळे. मोटारीच्या कारखान्यात मोटार पुढे सरकते आणि कामगार जागेवर उभा असतो. लेविटनी ते उलटं केलं: घर जागेवर आणि कामगार पुढे सरकणारे. घर बांधायची सव्वीस-सत्तावीस कामं वेगळी काढली आणि प्रत्येक टोळीला एकेक वाटून दिलं. एक टोळी फक्त जोतं ओतायची, दुसरी फक्त सांगाडा उभा करायची, कुणी फक्त फरशी लावायची, कुणी फक्त एकाच रंगाचा हात मारायची. काम जोरात असताना दिवसाला तीसहून अधिक घरं पुरी होत होती. लाकूड कॅलिफोर्नियातल्या स्वतःच्या गिरणीतून कापून यायचं, खिळेसुद्धा स्वतःच बनवायचे. संघटनेत नसलेले मजूर घ्यायचे, हेही सांगायला हवं.

तळघर त्यांनी काढूनच टाकलं. सिमेंट-काँक्रीटचं जोतं सरळ जमिनीवर, आणि त्यात तांब्याच्या नळ्या पुरून गरम पाणी फिरवून घर ऊबदार ठेवायचं. लेविटाउन ज्याच्या हद्दीत येतं त्या हेम्पस्टेड गावच्या नियमांत तळघर सक्तीचं होतं. नियम बदलायची सभा भरली, तेव्हा घराला आसुसलेले माजी सैनिक आणि त्यांच्या बायका सभागृहात येऊन उभ्या राहिल्या, आणि नियम बदलला.

ते घर आतून कसं होतं?

पहिलं मॉडेल साडेसातशे चौरस फुटांचं, आपल्याकडच्या बेताच्या टू बीएचकेएवढं. दोन झोपायच्या खोल्या, एक न्हाणीघर, बैठकीची खोली, स्वयंपाकघर आणि वर अर्धवट सोडलेला माळा. हप्ते फिटत आणि मुलं वाढत जातील तसा तो माळा घरमालकाने पुरा करायचा. भूखंड साठ बाय शंभर फूट. स्वयंपाकघरात शीतकपाट, शेगडी आणि कपडे धुण्याचं यंत्र घराबरोबरच मिळायचं. १९५०च्या मॉडेलमध्ये भिंतीत बसवलेला दूरचित्रवाणी संचही होता. या यंत्रांची किंमत घराच्या कर्जात मिसळली जाई, म्हणून तरुण जोडप्याला त्यासाठी वेगळे पैसे उभे करावे लागत नसत.

नियम मात्र कडक. कुंपण घालायचं नाही. गवत आठवड्याला कापायचं. धुणं दोरीवर नाही, फक्त उघडमीट करता येणाऱ्या फिरत्या दांडीवर, आणि शनिवार-रविवारी तेही नाही. वाड्याच्या चौकात किंवा चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेल्या साड्यांखालून वावरलेल्या माणसाला हे वाचून नवल वाटतं. पण न्यूयॉर्क शहरातल्या ब्रुकलिनच्या गर्दीतून आलेल्यांना नेमकं तेच मागे सोडायचं होतं.

‘बेबी बूम’ म्हणजे किती मुलं?

युद्धानंतर जन्मांची जी लाट आली ती ‘बेबी बूम’: १९४६ ते १९६४ या काळात सुमारे ७ कोटी ६० लाख मुलं. १९५४ पासून १९६४ पर्यंत दर वर्षी चाळीस लाखांहून अधिक मुलं जन्मली. १९५७ मध्ये हा आकडा ४३ लाखांवर गेला, आणि त्या वेळी एका बाईला सरासरी पावणेचारच्या आसपास मुलं होत होती. मंदीत आणि युद्धात लांबलेली लग्नं एकदम झाली हे एक कारण. लग्नाचं वयही उतरलं: १९५६ मध्ये मुलींचं लग्नाचं मधलं वय जेमतेम वीस होतं.

घरोघरी मुलं झाल्यावर शाळा अपुऱ्या पडल्या. लेविटाउनमध्ये वर्ग दोन पाळ्यांत भरवावे लागले. उन्हाळ्यात आईबापांच्या पोटात पोलिओची भीती असायची. १९५२ च्या साथीत जवळपास ५८ हजार रुग्ण नोंदले गेले, पोहण्याचे तलाव बंद झाले, मुलांना खेळायलाही सोडेनात. १२ एप्रिल १९५५ ला जोनास साल्क यांची लस सुरक्षित आणि गुणकारी असल्याचं जाहीर झालं, तेव्हा चर्चच्या घंटा वाजल्या. त्या पिढीच्या आठवणींत मोटारीपेक्षा आणि टीव्हीपेक्षा हा दिवस मोठा आहे, आणि तो असायलाच हवा.

तेव्हा घटस्फोट होतच नव्हते, हे खरं आहे का?

खोटं. १९४६ मध्ये सहा लाखांहून अधिक घटस्फोट झाले. घाईत केलेली युद्धकाळातली लग्नं टिकली नाहीत. पुढे दहा-बारा वर्षं प्रमाण घसरत गेलं, आणि तेवढाच काळ लोकांच्या लक्षात राहिला.

सगळ्या बायका घरीच असायच्या का?

युद्धात साठ लाखांच्या आसपास बायका नव्याने कामावर आल्या होत्या. जहाजं जोडत होत्या, विमानांना रिव्हेट मारत होत्या. पुरुष परतल्यावर त्यांतल्या कित्येकींना चांगल्या पगाराच्या जागा सोडायला लावलं. मासिकं, जाहिराती, धर्मोपदेशक सगळे एका सुरात घराकडे बोट दाखवत होते.

तरीही बायका कामाला गेल्याच. १९६० साली साधारण ३० टक्के विवाहित स्त्रिया घराबाहेर नोकरी करत होत्या, १९४० च्या जवळपास दुप्पट. दुकानात, शाळेत, टायपिंगच्या टेबलाशी. त्यांच्या पगारातून दुसरी मोटार आणि मुलांच्या दातांच्या तारा यायच्या. मात्र कर्ज ठरवताना बँका बायकोचा पगार बहुधा धरतच नसत, उद्या मूल होईल आणि ती घरी बसेल म्हणून. याला कायद्याने आळा बसला तो १९७४ मध्ये.

घरी राहणाऱ्यांचं काय? यंत्रं आली, पण घरकाम संपलं नाही. कपडे धुणं सोपं झालं तसे कपडे जास्त वेळा धुतले जाऊ लागले. सासू, आई, बहीण शहरात राहिलेल्या. नवरा सकाळी एकुलती एक मोटार घेऊन गेला की दिवसभर ती, दोन-तीन लहान मुलं आणि समोर तशीच दुसरी घरं. म्हणून शेजारणींच्या कॉफीच्या बैठका होत्या, डब्यांच्या विक्रीच्या घरगुती पार्ट्या होत्या. टपरवेअरच्या पार्ट्यांची विक्रीपद्धत ब्राउनी वाइज नावाच्या, एकटीने मुलगा वाढवणाऱ्या बाईने घडवली. तिला आणि तिच्या हाताखालच्या हजारो बायकांना त्या पार्ट्यांतून स्वतःची कमाई मिळाली.

मोटार आणि महामार्ग आधी आले की उपनगरं?

दोन्ही एकमेकांना ओढत होते. लेविटाउन झालं तेव्हा नवे महामार्ग यायचे होते. २९ जून १९५६ ला अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी महामार्ग कायद्यावर सही केली: ४१ हजार मैलांचं जाळं, नव्वद टक्के खर्च केंद्राचा, पैसा मुख्यतः पेट्रोलवरच्या करातून. त्यानंतर उपनगरं शहरापासून आणखी लांब गेली. दुकानंही मागोमाग आली. ऑक्टोबर १९५६ मध्ये मिनेसोटातल्या एडायना इथे साउथडेल हा चारी बाजूंनी बंद, वातानुकूलित मॉल उघडला, व्हिक्टर ग्रुएन यांनी आखलेला.

हे रस्ते शहरात शिरताना कुठून गेले तेही पाहा. सेंट पॉलमधली रोंडो, मायामीतली ओव्हरटाउन, डेट्रॉइटमधली ब्लॅक बॉटम. तिन्ही कृष्णवर्णीयांच्या नांदत्या वस्त्या. उपनगरातला माणूस वीस मिनिटांत ऑफिसला पोचावा म्हणून तिथली घरं, दुकानं, चर्चं पाडली गेली.

टीव्हीने घर किती बदललं?

१९५० मध्ये शंभरातल्या नऊ घरांत संच होता, १९६० मध्ये जवळपास ८७ घरांत. जेवण टेबलावरून टीव्हीसमोर सरकलं, आणि स्वॉन्सन कंपनीचं ॲल्युमिनियमच्या ताटलीतलं तयार जेवण त्यासाठीच खपलं.

ही समृद्धी सगळ्यांच्या वाट्याला आली का?

नाही. सरकारी मोजमापानुसार १९५९ मध्येही २२ टक्क्यांहून अधिक अमेरिकन दारिद्र्यात होते: ॲपलाचिया पर्वतातले खाणकामगार, दक्षिणेतले वाटेकरी शेतकरी, एकटे म्हातारे. पण गरिबीपेक्षा वेगळी आणि जास्त अन्यायाची गोष्ट अशी की पैसा असूनही काहींना घर घेता येत नव्हतं, आणि हे सरकारच्या नियमांनी घडत होतं.

१९३३ च्या महामंडळाने दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे रंगवले. हिरवा भाग उत्तम, मग निळा, मग पिवळा आणि धोक्याचा तो लाल. कृष्णवर्णीय राहतात तो भाग जवळजवळ हमखास लाल. गृहनिर्माण प्रशासनाची कर्जविम्याची नियमावली तर उघड सांगत होती की वेगवेगळ्या वंशांची सरमिसळ झाली की घरांच्या किमती पडतात, म्हणून विक्रीकरारातच वंशबंदीचं कलम असावं. डेट्रॉइटमध्ये एका बिल्डरला कृष्णवर्णीय वस्तीच्या शेजारी गोऱ्यांसाठी घरं बांधायची होती. विमा मिळेना, म्हणून १९४१ मध्ये त्याने दोन वस्त्यांमध्ये सहा फूट उंच, अर्धा मैल लांब भिंत बांधली. मग विमा मिळाला. ती भिंत आजही उभी आहे.

सैनिकांच्या कायद्यात वंशाचा शब्दही नव्हता. पण कर्ज द्यायचं गावातल्या बँकेने. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या १३ शहरांच्या पाहणीत सरकारी हमीची ३,२२९ कर्जं मोजली गेली. त्यांतली कृष्णवर्णीय माजी सैनिकांना मिळालेली कर्जं दोन. दोनशे नव्हे, दोन.

लेविटाउनच्या पहिल्या भाडेकरारातही कॉकेशियन, म्हणजे गोऱ्या, वंशाखेरीज कुणी ते घर वापरू नये असं कलम होतं, अपवाद फक्त घरगड्यांचा. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेंट लुइसच्या शेली कुटुंबाच्या खटल्यात अशी कलमं न्यायालयांमार्फत बजावता येणार नाहीत असा निकाल दिला. कलम कागदावरून गेलं, पण लेविट कंपनी कृष्णवर्णीयांना घर विकायला नकारच देत राहिली.

१९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियात काय घडलं?

लेविटनी दुसरं लेविटाउन १९५२ पासून पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत बांधलं, सतरा हजारांहून अधिक घरांचं. ऑगस्ट १९५७ मध्ये डीपग्रीन लेनवरचं एक घर विल्यम आणि डेझी मायर्स यांनी आधीच्या मालकाकडून विकत घेतलं. विल्यम युद्धातले माजी सैनिक, डेझी उच्चशिक्षित, पदरी तीन मुलं, धाकटी तर तान्ही. त्या वसाहतीतलं हे पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब.

पहिल्याच रात्रीपासून घरासमोर शेकडोंचा जमाव जमू लागला. दगडाने खिडकीची काच फुटली. राज्याचे पोलीस बोलवावे लागले. पुढचे दोन महिने रात्री-अपरात्री फोन, धमकावण्यासाठी पेटवलेले क्रूस, जवळच्या घरातून मुद्दाम मोठ्याने लावलेली गाणी. दूधवाला, पाववाला यायचे थांबले. शेवटी राज्याच्या महाधिवक्त्यांनी न्यायालयातून मनाई हुकूम मिळवला, तेव्हा हे थंडावलं. त्याच दिवसांत शेजारचं एक ज्यू जोडपं आणि क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाचे लोक रात्र-रात्र त्यांच्या घरात बसून राहिले, हेही तितकंच लक्षात ठेवण्यासारखं आहे.

रशिया-अमेरिकेच्या वादात मुंबईच्या गिरणी कामगाराचं नाव आलं होतं, हे खरं का?

खरं आहे. १९५९ च्या उन्हाळ्यात मॉस्कोच्या सोकोलनिकी बागेत अमेरिकन प्रदर्शन भरलं. त्यात १४ हजार डॉलर किमतीचं एक नमुन्याचं घर मांडलं होतं. २४ जुलैला त्या घराच्या स्वयंपाकघरासमोर अमेरिकेचे उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांची जगप्रसिद्ध वादावादी झाली. कुठलाही पोलाद कामगार हे घर घेऊ शकतो, असं निक्सन यांचं म्हणणं. सोव्हिएत वृत्तसंस्था ‘तास’ने मात्र म्हटलं होतं की हे अमेरिकन कामगाराचं घर असल्याचं सांगणं म्हणजे ताजमहाल हे मुंबईच्या कापडगिरणी कामगाराचं घर असल्याचं सांगणं.

लालबाग-परळच्या एका खोलीत दिवसपाळी आणि रात्रपाळीची माणसं आळीपाळीने पाठ टेकत होती, त्या दिवसांतली ही गोष्ट. कोकणातून, घाटावरून आलेल्या त्या माणसाला मॉस्कोत आपला दाखला दिला जातोय हे कळलंही नसेल. वाचताना मला आजही गलबलून येतं.

बरोबर कोण होतं? आकडा निक्सन यांचा बरोबर होता: पक्क्या नोकरीच्या गोऱ्या पोलाद कामगाराला ते घर परवडत होतं. अर्थात त्याच महिन्यात पाच लाख पोलाद कामगार संपावर होते. आणि पेनसिल्व्हेनियाच्या लेविटाउनशेजारीच फेअरलेस हा प्रचंड पोलाद कारखाना होता. तिथल्या कृष्णवर्णीय कामगाराच्या हातात तसाच पगार असूनही शेजारच्या लेविटाउनमध्ये त्याला घर मिळत नव्हतं.

मराठी माणसं या उपनगरांत कधी पोहोचली?

या वीस वर्षांत जवळजवळ नाहीच. १९४६ पर्यंत भारतीयांना अमेरिकन नागरिक होता येत नव्हतं, आणि त्यामुळे कॅलिफोर्नियासारख्या राज्यात शेतजमीनही नावावर करता येत नव्हती. १९४६ च्या कायद्याने नागरिकत्व खुलं केलं, पण कोटा वर्षाला शंभर भारतीयांचा. दार खऱ्या अर्थाने उघडलं ते ३ ऑक्टोबर १९६५ च्या कायद्याने. मग मराठी डॉक्टर, इंजिनिअर न्यू जर्सी, शिकागो, डेट्रॉइटच्या उपनगरांत आले आणि १९८१ मध्ये तिथल्या मराठी मंडळांची शिखर संस्था असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ स्थापन झालं.

ते घरं घेऊ लागले तोवर ११ एप्रिल १९६८ चा घरभेदभावविरोधी कायदा झाला होता. तो कृष्णवर्णीयांच्या चळवळीने, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवड्याभरात मिळवला. आपल्या लोकांच्या परदेशगमनाच्या आठवणींत हे ऋण फार क्वचित नोंदलं जातं. ते नोंदवावं असं मला मनापासून वाटतं.

त्या भेदभावाचा परिणाम आजही दिसतो का?

दिसतो, कारण घर ही मध्यमवर्गाची सगळ्यात मोठी बचत असते. १९४९ मध्ये ७,९९० डॉलरना घेतलेलं लाँग आयलंडवरचं घर आज पाच लाख डॉलरहून जास्त किमतीला जातं. त्याच्या तारणावर मुलं शिकली, नातवंडांनी धंदे काढले. १९६८ मध्ये कायद्याने दार उघडलं तेव्हा किमती आधीच वर गेल्या होत्या. २०२२ च्या सरकारी पाहणीत मधल्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता मधल्या कृष्णवर्णीय कुटुंबाच्या सहापट होती.

मायर्स कुटुंबाचं पुढे काय झालं?

ते पळून गेले नाहीत. त्याच घरात चार वर्षं राहून १९६१ मध्ये विल्यम यांच्या नोकरीमुळे ते दुसऱ्या गावी गेले. डेझी पुढे शिक्षिका आणि मुख्याध्यापिका झाल्या. १९९९ मध्ये, लेविटाउनचा तो भाग ज्यात येतो त्या ब्रिस्टल टाउनशिपच्या महापौरांनी त्यांना बोलावून गावाच्या वतीने जाहीर माफी मागितली. विल्यम तोवर हयात नव्हते. डिसेंबरात नाताळचे दिवे लावायला डेझी पुन्हा आल्या. टाउनशिपच्या कार्यालयासमोरच्या सूचिपर्णी झाडाला लोकांनी ‘मिस डेझी’ असं नाव दिलं होतं.